फायनान्सचं सर्टिफिकेट की अकाउंटिंगचं?

प्रश्न: स. न. वि. वि. मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. झाले आणि चार वर्षं एका पतसंस्थेत टॅलीवर काम केलं. लग्नानंतर नोकरी सुटली. सहा वर्षांपूर्वी एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसामुळे मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) कॅलिफोर्नियात, फ्रीमॉंटला आले. धाकटी आता पहिलीत जाते आणि गेल्या महिन्यात माझं ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं कार्ड हातात पडलं. इथल्या कम्युनिटी कॉलेजात फायनान्सचं सर्टिफिकेट करावं असं मनात आहे. घरातले म्हणतात, "मास्टर्स नसेल तर इथे कोण विचारतंय?" माझ्याकडे सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच एवढाच वेळ. खर्च किती येईल? बी.कॉम.चा काही उपयोग होतो का? आणि सात वर्षांच्या खंडानंतर नोकरी मिळते का? – एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर:

ताई, आधी नावाचा घोळ मिटवू. "फायनान्स" हा शब्द भारदस्त आहे, पण कम्युनिटी कॉलेजातल्या फायनान्स सर्टिफिकेटची कोर्सांची यादी उघडून बघा. बहुतेक ठिकाणी अकाउंटिंगचा एखादा कोर्स, व्यवसायाची ओळख, घरगुती आर्थिक नियोजन, गुंतवणुकीची तोंडओळख असा मामला असतो. ज्ञान म्हणून चांगलं, पण त्यावर "फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट"ची नोकरी मिळत नाही. त्या जागेला चार वर्षांची पदवी आणि बहुधा आधीचा अनुभव मागतात. शेअर-दलालीच्या बाजूला जायचं तर फिनराच्या, म्हणजे दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या परीक्षा लागतात. त्यातली पहिली, एसआयई, कुणालाही देता येते. पुढची सिरीज ७ मात्र एखाद्या फर्मने तुमचं नाव पुढे केल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे तिथेही आधी नोकरी, मग परीक्षा.

अकाउंटिंगच्या सर्टिफिकेटचं तसं नाही. अकाउंट्स पेएबल (द्यायची बिलं), अकाउंट्स रिसीव्हेबल (यायची येणी), पेरोल (पगारपत्रक), बुककीपिंग या जागांच्या जाहिरातींत मागतात ते काम आणि कोर्समध्ये शिकवतात ते काम जवळपास एकच असतं. तुमचा पतसंस्थेतला हातही तिथेच बसलेला आहे. तेव्हा आमचं मत स्पष्ट आहे: अकाउंटिंग घ्या, फायनान्सचा एखादा कोर्स हवा तर वरून घ्या.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा अंदाज आहे की पुढच्या दशकात बुककीपिंग क्लार्कच्या जागा कमी होत जातील. इनव्हॉइस वाचून नोंद टाकण्याचं काम सॉफ्टवेअर करू लागलं आहे. त्यामुळे सर्टिफिकेट हे शेवटचं स्टेशन धरू नका. त्यातला प्रत्येक कोर्स पुढे कुठेतरी मोजला जाईल असाच निवडा. हे तपासणं सोपं आहे. कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये फायनान्शियल अकाउंटिंगसमोर सी-आयडीचा (कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांच्या सामाईक कोर्स-क्रमांकांचा) क्रमांक एसीसीटी ११० आणि मॅनेजेरियल अकाउंटिंगसमोर एसीसीटी १२० दिसला, तर तो कोर्स कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या बिझनेस पदवीकडे नेता येतो. असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर कॉलेज आणि विद्यापीठ निवडलं की कुठला कोर्स कशाच्या बदली धरतात, ते ओळीने दिसतं. याउलट "अकाउंटिंग फॉर स्मॉल बिझनेस" किंवा "बुककीपिंग बेसिक्स" अशा नावाचे कोर्स पुष्कळदा त्या सर्टिफिकेटपुरतेच असतात. तुम्ही किर्द-खतावणी शिकलेल्या आहात. त्या कोर्सांत एक सत्र घालवू नका.

सर्टिफिकेटांतही जाती आहेत. "सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट" असं लिहिलेलं असेल तर ते राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयाने मंजूर केलेलं असतं आणि तुमच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर उमटतं. ते साधारण १६ सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे कोर्सच्या वजनाचं माप) किंवा त्याहून मोठं असतं. बाकीची छोटी, कॉलेजच्या पातळीवरची सर्टिफिकेटं ट्रान्सक्रिप्टवर येतीलच असं नाही. काउन्सेलरला हे थेट विचारा.

आता पैसा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात ४६ डॉलर प्रति सेमिस्टर युनिट पडतात. डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टरवर चालणारी कॉलेजं, तिथे ३१ डॉलर प्रति क्वार्टर युनिट. २० सेमिस्टर युनिटांचं सर्टिफिकेट धरलं तर ९२० डॉलर. वर दर सत्राचं आरोग्य शुल्क, पार्किंग आणि पुस्तकं. पुस्तकांकडे लक्ष ठेवा, खर्च तिथे फुगतो. अकाउंटिंगचा गृहपाठ बहुधा प्रकाशकाच्या ऑनलाइन प्रणालीवर असतो आणि त्याचा अ‍ॅक्सेस कोड एकदाच वापरता येतो. मैत्रिणीचं जुनं पुस्तक मिळालं तरी कोड नवाच घ्यावा लागतो. वेळापत्रकात "झीरो टेक्स्टबुक कॉस्ट" असा फिल्टर असतो, तो लावून बघा. काही प्राध्यापक राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं वापरतात.

हा स्वस्त दर मिळायचा तर रहिवासी ठरावं लागतं, आणि अनेक एच-४ वाल्या बायका इथेच अडतात. एच-४ वर असताना कॅलिफोर्नियाचं रहिवासित्व मिळतं आणि शिकायलाही आडकाठी नाही. त्यासाठी ईएडीही लागत नाही, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा तर नाहीच. अट अशी, की सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुमचं इथलं वास्तव्य एक वर्ष आणि एक दिवस झालेलं असावं, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसावा. तुम्हाला सहा वर्षं झाली, वास्तव्याची अट कधीच पूर्ण झाली. पण घराचा करार, विजेचं बिल, गाडी सगळं नवऱ्याच्या नावावर असतं, मग दाखवायचं काय? तुमचं कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स, दोघांच्या नावाने भरलेला राज्याचा आयकर परतावा आणि संयुक्त बँक खात्याची विवरणं काढून ठेवा. करारावर भाडेकरू म्हणून तुमचं नाव नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घालून घ्या. हे केलं नाही आणि प्रणालीने अनिवासी ठरवलं, तर दर युनिटमागे काहीशे डॉलर जास्तीचे दिसतात आणि माणूस घाबरून अर्ज सोडून देतो. सोडू नका. तो ऑनलाइन फॉर्मने काढलेला प्राथमिक निष्कर्ष असतो. अ‍ॅडमिशन्स कार्यालयात कागद दिले की बदलता येतो, फक्त सत्र सुरू व्हायच्या आधी द्या.

सरकारी मदत? एच-४ वर फेडरल मदतीचा फॉर्म, म्हणजे फाफ्सा, लागू नाही. पुढे ग्रीन कार्ड आलं तरी पेल ग्रँट हे फेडरल अनुदान पदवी नसलेल्यांसाठी असतं आणि परदेशी पदवीही बहुधा पदवीच धरतात. करात मात्र लाइफटाइम लर्निंग क्रेडिट आहे: फी आणि आवश्यक शुल्काच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. एकच कोर्स केला तरी चालतो. दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ६० हजार डॉलरच्या वर गेलं की ते घटायला लागतं आणि १ लाख ८० हजारला शून्य होतं. बे एरियातल्या आयटीच्या पगारात हे अनेकांच्या हातून निसटतं, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. कर्ज मात्र अजिबात काढू नका. हजार-बाराशे डॉलरच्या शिक्षणाला कर्ज सुचवणारा कोणी भेटला, किंवा "क्विकबुक्स शिकवतो आणि नोकरी लावून देतो" म्हणून दीड-दोन हजार डॉलर मागणारा व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर नमस्कार करा. क्विकबुक्स ऑनलाइनचं प्रो-अ‍ॅडव्हायझर प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा इन्ट्युइट स्वतः फुकट देते.

वेळेचा हिशेब आधी मांडा, प्रवेश मग घ्या. कॅलिफोर्नियात एक सेमिस्टर युनिट म्हणजे वर्ग आणि अभ्यास मिळून किमान ४८ तास. ४ युनिटांचा कोर्स म्हणजे १९२ तास. १६ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला १२ तास पडतात, ते तुमच्या साडेआठ ते अडीचमध्ये आरामात बसतात. तोच कोर्स उन्हाळ्यात ६ आठवड्यांचा घेतला तर आठवड्याला ३२ तास, तेही मुलांना सुट्टी असताना. "उन्हाळ्यात उरकून टाकू" म्हणून फायनान्शियल अकाउंटिंग घेणारे तिसऱ्या आठवड्यात गळतात ते याच कारणाने. उन्हाळ्यात घ्यायचाच तर एक्सेलचा एक-दोन युनिटांचा कोर्स घ्या. पहिल्या सत्रात क्वार्टरची कॉलेजंही टाळा. तिथे साधारण १२ आठवड्यांत सगळं आटोपतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच परीक्षा येते, आणि सात वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. तुमच्या गावातलं ओलोनी सेमिस्टरवर चालतं, फॉल सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ: बी.कॉम.चा उपयोग होतो का? होतो, पण आधी थोडं विसरावंही लागतं.

नावे-जमा तेच आहे, दुहेरी नोंद तीच आहे. बाकी सवयी निराळ्या. आपल्याकडे "घेणाऱ्याचे नावे, देणाऱ्याचे जमा" असे तीन सुवर्ण नियम पाठ असतात. इथे ते कुणी म्हणत नाही. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल, या समीकरणाच्या कुठल्या बाजूला खातं वाढतं त्यावर नोंद ठरते. "टू" आणि "बाय" लिहायचं नाही. जमेचं खातं फक्त थोडं आत सरकवून लिहायचं. "सण्ड्री डेटर्स" लिहिलंत तर ऑनलाइन गृहपाठ ते चूक धरतो, त्याला "अकाउंट्स रिसीव्हेबल" हवं असतं. ऋणको-धनको डोक्यात ठेवा, बोटांना नवे शब्द शिकवा. सगळ्यात फसवा शब्द "स्टॉक". आपल्याकडे स्टॉक म्हणजे गोदामातला माल, अखेरचा साठा. इथे स्टॉक म्हणजे शेअर, आणि माल म्हणजे इन्व्हेंटरी. "कॉमन स्टॉक" हे खातं ताळेबंदात भांडवलाच्या बाजूला आलं की बिचकू नका.

व्यापार खातं इथे नाही. आरंभीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हे आपण वर्षाच्या शेवटी करत होतो. इथे शिकवतात ती पद्धत प्रत्येक विक्रीच्या वेळी मालाचा खर्च लगेच नोंदवते. समजा ८०० डॉलरला माल उधार विकला आणि तो तुम्हाला ५०० ला पडला होता. नोंदी दोन होतात. पहिली: अकाउंट्स रिसीव्हेबल नावे ८००, सेल्स रेव्हेन्यू जमा ८००. दुसरी: कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड नावे ५००, इन्व्हेंटरी जमा ५००. आपल्याकडून शिकून आलेले विद्यार्थी पहिली नोंद बरोबर करतात आणि दुसरी विसरतात. तेरीज (ट्रायल बॅलन्स) तरीही जुळते, म्हणून चूक सापडत नाही. फक्त नफा ५०० ने फुगलेला असतो.

दुसरी मेख समायोजन नोंदींची. त्या पहिल्याच महिन्यात येतात आणि निम्मा वर्ग तिथे अडखळतो. १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे १,२०० डॉलर भरले, आधी ते प्रीपेड इन्शुरन्स या मालमत्ता खात्याला नावे टाकले. ३१ डिसेंबरला किती खर्च धरायचा? महिना १०० प्रमाणे तीन महिन्यांचे ३००. इन्शुरन्स एक्स्पेन्स नावे ३००, प्रीपेड इन्शुरन्स जमा ३००, शिल्लक ९००. यातली तारीख बघा. आपला हात ३१ मार्चकडे जातो, कारण वर्ष मार्चला संपवायची सवय. मग उत्तर ६०० येतं. इथल्या उदाहरणांत वर्ष बहुधा डिसेंबरला संपतं. आणि तारखेत महिना आधी, दिवस नंतर: ४/५ म्हणजे ५ एप्रिल. तुम्हाला हे सहा वर्षांत अंगवळणी पडलं असेल, पण परीक्षेच्या घाईत जुना हात परत येतो.

स्वल्पविरामही सांभाळा. १२,००,००० ही आपली मांडणी, इथे तो १,२००,०००. एक्सेल तुमच्या लॅपटॉपवर भारतीय सेटिंगमध्ये असेल तर प्रादेशिक सेटिंग बदलून घ्या. नाहीतर दिलेल्या फायलीतल्या तारखा उलटतात आणि पिव्हट टेबल महिने भलतेच दाखवतं.

म्हणून आमचं सांगणं असं की बी.कॉम. दाखवून फायनान्शियल अकाउंटिंगची सूट मागू नका. मागितली तर कदाचित मिळेल, पण पुढच्या प्रत्येक कोर्समध्ये या बारीक गोष्टी माहीत असल्याचं गृहीत धरतात. शिवाय हा पहिला कोर्स तुम्हाला सोपा जाईल, आणि इथलं पहिलं "ए" ट्रान्सक्रिप्टवर बसेल. अर्थशास्त्राचे विषय मात्र बदली धरून घेता आले तर घ्या. बिझनेस लॉ इथलाच करावा लागतो.

त्या बदलीसाठी पदवीचं मूल्यांकन लागतं, आणि ते महाग प्रकरण आहे. प्रत्येक विषयाची युनिटं दाखवणारा अहवाल साधारण दोनशे डॉलरच्या घरात जातो. केवळ सर्टिफिकेटसाठी तो करायची घाई नको. पुढे सीपीए (आपल्या सीएसारखा परवाना) किंवा पदवीकडे जायचं ठरलं की करा, आणि करण्याआधी ती संस्था कॉलेजला किंवा कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीला चालते का ते बघा. एक काम मात्र आत्ता करून टाका. कोल्हापूरला कोणी जाणारं असेल तर विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला सांगा आणि गुणपत्रिकेवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी ताडून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव-आडनाव, हा मराठी बायकांचा नेहमीचा तिढा. विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडला तर बहुधा सुटतो. तो हाताशी नसेल तर महिने जातात.

प्रवेशाची वाट अशी. सीसीसी-अप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर खातं काढायचं, अर्ज फुकट असतो. काही दिवसांत विद्यार्थी क्रमांक ईमेलने येतो. स्पॅममध्ये बघा, पुष्कळांचा तिथेच पडून असतो. मग ऑनलाइन ओरिएंटेशन, मग काउन्सेलरची वेळ. काउन्सेलरकडून "एज्युकेशनल प्लॅन" लिहून घ्या, कारण तो असला की नोंदणीची तारीख लवकरची मिळते. नवीन विद्यार्थ्याला उशिराची तारीख येते, तोवर सकाळचे आणि ऑनलाइन वर्ग भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव घाला, पहिल्या दिवशी वर्गाला हजर राहा आणि प्राध्यापकाला अ‍ॅड कोड, म्हणजे वर्गात नाव घालू देणारा क्रमांक मागा. पहिल्या आठवड्यात न येणाऱ्यांची नावं प्राध्यापक काढून टाकतात, त्या जागा मिळतात. उलट ऑनलाइन वर्गात तुमची जागा पक्की असली, तरी पहिल्या दिवशी लॉग इन करून परिचयाची पोस्ट टाकली नाही तर तुमचंच नाव उडतं. आपल्या कॉलेजात कोर्स भरला असेल तर कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसवरून दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेता येतो.

कोर्स झेपत नाही असं वाटलं तर लवकर सोडा. पूर्ण सत्राच्या कोर्सला साधारण पहिल्या दहा टक्के काळात सोडलं तर पैसे परत, वीस टक्क्यांच्या आत सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर खूण नाही. त्यानंतर पाऊण सत्रापर्यंत "डब्ल्यू", म्हणजे कोर्स सोडल्याची खूण. नेमक्या तारखा प्रत्येक कोर्सच्या वेगळ्या असतात, विद्यार्थी पोर्टलवर दिसतात. आणि कोर्स आपोआप सुटत नाही. जायचं बंद केलं आणि पोर्टलवर "ड्रॉप" दाबलं नाही तर "एफ" लागतो.

कोर्सांचा क्रम आम्ही असा लावू. पहिल्या फॉलला फायनान्शियल अकाउंटिंग आणि सोबत फक्त एक्सेल. स्प्रिंगला मॅनेजेरियल आणि क्विकबुक्स. दुसऱ्या फॉलला आयकर आणि पेरोल. पेरोल किंवा आयकर अनेक कॉलेजांत वर्षातून एकदाच असतो आणि विद्यार्थी कमी आले तर रद्दही होतो. अर्धवट सर्टिफिकेटांचं मोठं कारण हेच, अभ्यास नव्हे. म्हणून काउन्सेलरला आधीच विचारा की कुठला कोर्स कुठल्या सत्रात येतो. ऑनलाइन गृहपाठाची उत्तरं इंटरनेटवर सापडतात. ती उतरवली तर गृहपाठात शंभर टक्के आणि कॅमेऱ्यासमोरच्या परीक्षेत चाळीस, हे दर सत्रात घडतं. सगळे कोर्स झाले तरी सर्टिफिकेट आपसूक येईल असं धरू नका. बऱ्याच कॉलेजांत शेवटच्या सत्रात त्यासाठी वेगळा अर्ज, "पिटिशन", भरावा लागतो आणि त्याला मुदत असते.

अनुभवासाठी कोर्स संपायची वाट बघू नका. आयआरएसचा, म्हणजे फेडरल कर खात्याचा व्हीटा हा कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या लोकांचे कर परतावे फुकट भरून देतो. प्रशिक्षण ऑनलाइन आणि मोफत, परीक्षेत ८० टक्के लागतात, काम जानेवारी ते मध्य एप्रिल. वाचनालयात किंवा कॉलेजातच केंद्र असतं. आठवड्याला एक सकाळ दिली तरी रेझ्युमेवर अमेरिकेतलं, चालू वर्षातलं काम दिसतं, आणि तुमची खरी अडचण तीच आहे.

कर हा विषय आवडला तर सीपीएच्या आधी एनरोल्ड एजंट या करसल्लागाराच्या परवान्याचा विचार करा. त्याला पदवी लागत नाही, अनुभवाची अट नाही. पीटीआयएन (कर परतावे भरणाऱ्यांचा आयआरएस क्रमांक) काढायचा आणि तीन भागांची परीक्षा द्यायची: व्यक्ती, व्यवसाय, आणि प्रतिनिधित्वाचे नियम. प्रत्येक भाग १०० प्रश्नांचा, साडेतीन तासांचा. परवाना आयआरएसचा असल्यामुळे तो देशभर चालतो. उद्या नवऱ्याची बदली टेक्ससला झाली तरी वाया जात नाही. कॅलिफोर्नियाची सीटीईसी नोंदणी, म्हणजे राज्यातली कर परतावे भरणाऱ्यांची नोंदणी, ६० तासांच्या कोर्सवर आणि ५,००० डॉलरच्या हमीच्या बाँडवर मिळते, पण ती या राज्यापुरतीच. सीपीएसाठी कॅलिफोर्निया २४ सेमिस्टर युनिटं अकाउंटिंगची आणि २४ व्यवसायाशी संबंधित विषयांची मागते. पदवीधर लोक ती कम्युनिटी कॉलेजातच स्वस्तात घेतात, त्यामुळे वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं असतील ही भीतीही सोडा.

ईएडीबद्दल एक इशारा. ते तुमच्या एच-४ च्या मुदतीला बांधलेलं असतं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर काम त्या दिवशी थांबवावं लागतं. मुदतीच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करा. शिक्षण मात्र कार्ड संपलं तरी चालू ठेवता येतं.

राहिला सात वर्षांचा खंड. पहिली नोकरी बहुधा स्टाफिंग एजन्सीमार्फत, तात्पुरती, वर्षअखेर किंवा करांच्या मोसमात मिळते. मुलाखतीत अकाउंट्स पेएबलसाठी हमखास विचारतात की इनव्हॉइस मंजूर करण्याआधी काय तपासाल. उत्तर: खरेदीचा आदेश, माल मिळाल्याची पावती आणि इनव्हॉइस या तिन्हींतलं नग, दर आणि रक्कम जुळते का ते. रेझ्युमेवर "टॅली येतं" एवढंच लिहू नका, इथे टॅली कुणाला माहीत नाही. पतसंस्था म्हणजे इथली क्रेडिट युनियन, तसं लिहा. पिग्मीला "दैनंदिन ठेव संकलन" म्हणा. मग कामाचे आकडे घाला: रोज किती व्हाउचर नोंदवत होता, किती सभासदांची खाती सांभाळत होता, दर महिन्याला किती बँक खात्यांचं जुळवणी पत्रक करत होता, दिवसअखेर रोख शिलकेचा मेळ कोण घालत होतं, ऑडिटरला कुठल्या याद्या तुम्ही काढून देत होता. आकडे आठवत नसतील तर तिथल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारा आणि त्याच फोनवर संदर्भासाठी नाव द्यायची परवानगीही घेऊन ठेवा.